घड्याळजींची तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे. घडीची. तीन लाकडी पाय, त्यांना मधोमध धरून ठेवणारा एक बोल्ट आणि वर तीन कोपऱ्यांची चामड्याची बैठक, एवढाच माझा संसार. मिटलं की काखेत मावते, उघडलं की कुठेही उभी राहते. चार पायांच्या खुर्च्या जरा ओबडधोबड जमीन आली की डुगडुगायला लागतात. मी आजवर कधी डुगडुगले नाही. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण माझी स्तुती दुसरं कोण करणार? म्हणून मीच सांगते.

मला घडवलं एका सुताराने. एका घराच्या खिडक्या करून झाल्यावर चौकटीच्या लाकडाचे तीन तुकडे उरले होते. जमिनीलगतची कामं उकिडवं बसून करताना त्याची कंबर धरायची. म्हणून त्याने ते तुकडे तासले, घासले, गोल केले. जुन्या दप्तराचं चामडं कापून त्याची बैठक दुहेरी दोऱ्याने शिवून घेतली. तो पहिल्यांदा माझ्यावर बसला तेव्हा मी करकरले. "तक्रार नको, काम कर," तो म्हणाला. मग त्याच्याबरोबर मी नऊ वर्षं काम केलं. माझ्या अंगावर रंगाचे शिंतोडे उडाले, सरसाचे डाग पडले, एका पायाला करवतीचा ओरखडा आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो मला भिंतीला टेकवून ठेवायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "इथे सगळ्यात शहाणी हीच आहे. बोलत नाही आणि पळून जात नाही." असं कौतुक ऐकलं की मी फुगायची. तो माझा स्वभावच आहे, काय करणार.

एके दिवशी त्याने मला ओल्या फडक्याने पुसलं, बोल्टला तेल घातलं आणि बहिणीच्या घरी नेलं. बहिणीच्या नवऱ्यापुढे मला उघडून ठेवलं आणि म्हणाला, "घ्या भाऊजी. आता सबब सांगायची सोय राहिली नाही."

हे भाऊजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना आख्खी गल्ली घड्याळजी म्हणते, मीही तेच म्हणते. वय सहासष्ट. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीजवळ टेबल, टेबलावर चिमटे, पेचकस, इवल्याइवल्या चाकांच्या डब्या, आणि एका डोळ्याला कायम लावलेलं भिंग. चाळीस वर्षं हा माणूस त्या टेबलाशी बसून होता. पलंगापासून टेबलापर्यंत अकरा पावलं, टेबलापासून जेवायच्या जागेपर्यंत आठ. दिवसाचं चालणं म्हणाल तर ते एवढंच.

आणि मग त्यांच्या डाव्या पोटरीत दुखायला लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले तरी पोटरी आवळून यायची. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. सिगारेट आजपासून बंद. रोज तासभर चालायचं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, मग बसायचं, दुखणं थांबलं की उठून पुन्हा चालायचं. नाहीतर पुढे शस्त्रक्रिया करावी लागेल. ती लागू पडली नाही तर पाय राहील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

सिगारेट त्याच दिवशी सुटली. चालणं काही सुरू होईना. आज ऊन फार आहे, आज एक नाजूक काम हातात आहे, आज अंगात जरा कसर वाटतेय. उद्यापासून नक्की. घड्याळजींची बायको, म्हणजे आमच्या काकू, रोज सकाळी चपला काढून दारात ठेवायच्या आणि संध्याकाळी मुकाट्याने पुन्हा आत ठेवायच्या. शेवटी घड्याळजींनी हुकमाचं पान काढलं. "चालेन गं, पण दुखलं की बसू कुठे? लोकांच्या पायऱ्यांवर?" काकूंनी भावाला फोन केला. म्हणून मी त्या घरात आले.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस माझ्या फार मोठेपणाचे होते, निदान मला तसं वाटत होतं. घड्याळजी मला खांद्याला अडकवून निघायचे. विजेचे दोन खांब मागे पडले की थांबायचे, मला उघडायचे आणि बसायचे. मग पुन्हा दोन खांब, पुन्हा बैठक. तासाभरात पंचवीस-पंचवीस वेळा. सुताराने मला इतका मान कधी दिला नव्हता. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, "वा, ही कुठून आणली?" घड्याळजी माझ्या बैठकीवर थाप मारून सांगायचे, "मेहुण्याने दिली. हिच्याशिवाय माझं पान हलत नाही." माझे तिन्ही पाय अशा वेळी जमिनीवर ठरत नसत.

सहा आठवडे असे गेले. मग डॉक्टरबाईंनी घोट्याला पट्टा बांधून पुन्हा दाब मोजला. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काहीच फरक नाही. रोज चालताय ना?"

"एक दिवस चुकवला नाही," घड्याळजी म्हणाले. आणि ते खरं होतं.

"बसता कधी? पोटरी दुखल्यावर की त्याआधी?"

"आधी. दुखू कशाला देऊ?" घड्याळजी अगदी शांतपणे समजावून सांगू लागले. "अहो, घड्याळ अडखळायला लागलं, आवाज करायला लागलं, की ते चालवत ठेवायचं नसतं. चाकांचे दाते झिजतात. मी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगतोय. आधी थांबवायचं, मग बघायचं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "घड्याळाचे दाते झिजले की झिजले. पायाचं तसं नसतं. पोटरी दुखते तेव्हा तिला रक्त कमी पडतं, आणि असं रोज कमी पडत गेलं तरच रक्त आजूबाजूच्या बारीक वाटा मोठ्या करतं. तुम्ही तिला कधी कमी पडूच दिलं नाहीत. चाललात नाही तुम्ही, फक्त फिरून आलात. अजून तीन महिने देते. त्यापुढे मात्र मला वाट बघता येणार नाही."

मी तिथे भिंतीशी उभ्या उभ्या खजील झाले. पंचवीस वेळा ते माझ्यावर बसले म्हणून मी ऐटीत होते, आणि त्या पंचवीस वेळांनीच माझ्या माणसाचे सहा आठवडे खाल्ले होते. माझी बैठक मऊ, ही त्यात आणखी भर.

त्या दिवसानंतर घड्याळजी रुसले. कोणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी मला दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि ते पुन्हा भिंग लावून बसले. पाच दिवस बाहेर पडले नाहीत. काकूंनी समजावलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. "दुखेपर्यंत चालायचं म्हणजे काय? मुद्दाम दुखवून घ्यायचं?" एवढंच ते म्हणायचे. चाळीस वर्षांचा हात आणि डोकं एका बाजूला वळलेलं होतं, ते पाच दिवसांत कसं फिरणार? काकू स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या. मला दारामागून सगळं दिसायचं आणि माझा इलाज चालत नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी काकू साडी बदलून बाहेर गेल्या त्या दुपारीच परतल्या. आल्या आल्या त्यांनी चहा ठेवला आणि नवऱ्यापुढे कप ठेवत म्हणाल्या, "सोमवारी औषधांचं दुकान. मंगळवारी वाचनालय. बुधवारी शाळेचं ऑफिस. गुरुवारी बेकरी. शुक्रवारी छापखान्याची जुनी इमारत. शनिवारी पुलापलीकडच्या हेडबाई."

"हे काय आहे?"

"लंबकाची घड्याळं. आठ दिवसांची चावी लागणारी. खुर्चीवर चढून चावी द्यायला सगळेच कंटाळलेत. मी सांगून आले, दर आठवड्याला आमचे हे येऊन चावी देतील आणि वेळ लावून देतील."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं. "लोक माझ्याकडे घड्याळ घेऊन येतात. मी लोकांच्या दारी जात नाही."

"लंबकाचं घड्याळ भिंतीवरून काढून हलवलं की त्याची चाल बिघडते, असं कोण म्हणतं हो? तुम्हीच ना?" काकू कपबशी उचलून आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "शब्द दिलाय मी. मोडायचा तर तुम्ही जाऊन मोडा. तिथपर्यंत चालत जावंच लागेल."

मला हसू आवरेना. काकूंनी ती यादी कशी लावली होती, तुमच्या लक्षात आलं का? औषधांचं दुकान सगळ्यात जवळ, चौदा खांबांवर. मग रोज थोडं थोडं लांब. आणि हेडबाईंचं घर पूल ओलांडून, वर चढावर, चांगलं तीन किलोमीटर.

सोमवारी ते निघाले. तोंड असं केलं होतं की कडू औषध घ्यायला चाललेत. दुसऱ्या खांबाशी सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला, मग मागे गेला. तिसरा खांब, चौथा. चौथ्याशी पोटरी आवळली. त्यांनी दात आवळले आणि पाचव्यापर्यंत गेले. मग बसले. बसल्यावर त्यांचा डावा पाय माझ्या पायाला टेकला होता, तो थरथरत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, मला जरा टणक कर, या माणसाला माझ्यावर फार वेळ बसावंसं वाटू देऊ नकोस.

औषधांच्या दुकानातलं घड्याळ पंधरा मिनिटं मागे होतं. घड्याळजींनी चावी दिली, काटे लावले, लंबक हलवला, कान लावून ऐकलं. परत येताना त्यांच्या चेहऱ्यावरचा कडूपणा निम्मा उतरला होता.

पण शनिवारी गाडं अडलं. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय ब्याऐंशी, घरात एकट्या. त्यांचा खांदा दुखायचा म्हणून मुलगा परगावी परत जाताना आदल्या शनिवारी घड्याळाला चावी देऊन गेला होता. घड्याळजी पुलापर्यंत पोचले तेव्हा माझ्यावर सहा वेळा बसून झालं होतं. पुलापलीकडे चढ दिसत होता. ते त्या चढाकडे बघत बसले, मग उठले आणि घराकडे वळले. काकूंनी पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवलं.

सोमवारी सकाळी हेडबाईंचा फोन आला. आवाज मोठा असल्याने खोलीभर ऐकू येत होता. "घड्याळ काल थांबलं. घाई काही नाही, तुम्हाला जमेल तेव्हा या. घर जरा गप्प झालंय, एवढंच."

घड्याळजींनी फोन खाली ठेवला. मित्रांनो, या माणसाने हजारो थांबलेली घड्याळं चालू केली होती, पण त्यांच्यामुळे थांबलेलं हे पहिलंच. ते त्यांना फार लागलं. टेबलावर एक मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं, त्यावर त्यांनी काचेचं झाकण घातलं, मला खिळ्यावरून काढलं आणि काकूंना म्हणाले, "मला उशीर होईल. जेवून घे."

आधी औषधांच्या दुकानात चावी दिली आणि मग पुढे निघाले. त्या दिवसाचं चालणं मी कधी विसरणार नाही. दुखायला लागलं की ते मनाशी काहीतरी पुटपुटायचे आणि आणखी दहा पावलं टाकायचे. मग बसायचे. दुखणं ओसरलं की लगेच उठायचे, एक क्षण जास्त नाही. पुलावर एका भाजीवाल्याने विचारलं, "काका, गाडीवर सोडू का?" ते म्हणाले, "गाडीवर गेलो तर घरी मार खाईन." चढावर तर ते विजेच्या खांबांऐवजी फाटकं मोजू लागले. एक फाटक, मग बैठक. घामाने शर्ट भिजला होता. मी कितीतरी माणसं राबताना पाहिली, माझा सुतार तर दिवसभर राबायचा, पण स्वतःच्याच पक्क्या समजुतीविरुद्ध एकेक पाऊल टाकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. एकूण अकरा वेळा बसून आम्ही हेडबाईंच्या दारात पोचलो.

हेडबाईंनी दार उघडलं, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, मी म्हटलं होतं, जमेल तेव्हा या."

"जमत नव्हतंच," घड्याळजी धापा टाकत म्हणाले. "तसाच आलो."

पाणी पिऊन त्यांनी चावी दिली. लंबक हलला आणि त्या घरात टिकटिक सुरू झाली. हेडबाई डोळे मिटून ती ऐकत उभ्या राहिल्या. मग चाळीस मुलांच्या वर्गापुढे म्हणावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शाबास." सहासष्ट वर्षांचे घड्याळजी कानापर्यंत लाल झाले.

त्यानंतर ते रोज आनंदाने निघत असतील असं तुम्हाला वाटलं तर तसं नाही हं. निम्म्या सकाळी त्यांचं तोंड वाकडंच असायचं. कधी गुडघा, कधी ढग, कधी नुसताच कंटाळा. पण तिकडे एक घड्याळ आठव्या दिवशी थांबणार आहे आणि कोणीतरी त्याच्याकडे बघत बसणार आहे, हे आठवलं की ते उठायचे. बेकरीवाला त्यांची वाट बघत घड्याळाखालची खुर्ची आधीच मोकळी करून ठेवायचा. वाचनालयातल्या बाई म्हणायच्या, "तुम्ही आलात म्हणजे मंगळवार." रविवारी कुठलं घड्याळ नव्हतं, तर ते रविवारीही निघायला लागले. काकूंनी विचारलं, "आज कुठे?" तर म्हणाले, "असंच."

आणि माझं काय? शनिवारच्या वाटेवर अकराचे आठ झाले. आठाचे पाच. बुधवारी शाळेपर्यंत तर मला कोणी उघडतच नव्हतं. खरं सांगते, सुरुवातीला मला जरा झोंबलं. खांद्याला लटकून नुसतं मिरवायचं, हे काय काम झालं? मग एकदा मला पोटरीचा तो थरथरता स्पर्श आठवला आणि मी गप्प बसले. एका शनिवारी ते दोनदाच बसले. मी खांद्यावर लोंबकळत मनात म्हणत होते, पुढच्या वेळी एकदाच हं.

तीन महिने संपले तो दिवस शनिवारच होता. सकाळी हेडबाईंकडे चावी द्यायची आणि तिथून परस्पर दवाखान्यात जायचं, असं ठरलं होतं. काकू कागदपत्रं घेऊन बसने दवाखान्यात येणार होत्या. घड्याळजी निघाले तेव्हा त्यांचं डोकं हेडबाईंच्या घड्याळात होतं. ते आठवड्याला चार मिनिटं पुढे जात होतं, त्याच्या लंबकाचं वजन किती खाली घ्यावं याचा ते मोठ्याने विचार करत होते. बोलत बोलतच ते बाहेर पडले.

मी खिळ्यावरच होते.

काकूंच्या हे अर्ध्या तासाने लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. मला उचलून त्या धावत दारात आल्या, पण रस्ता रिकामा होता. वाटेत दुखलं तर हा माणूस बसेल कुठे? चढावर काही झालं तर? त्यांनी मला छातीशी धरलं, कागदांची पिशवी घेतली आणि बस पकडली. बसमध्ये जागा असूनही त्या बसल्या नाहीत, सारख्या खिडकीतून रस्ता बघत राहिल्या.

दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा घड्याळजी आत तपासणीच्या टेबलावर होते. डॉक्टरबाई घोट्याचा पट्टा सोडत होत्या. त्यांनी आकडा पाहिला, पट्टा पुन्हा बांधला, पुन्हा मोजला.

"आज चालत आलात? किती वेळा बसलात?"

"दोन..." घड्याळजींनी सवयीने खांद्याकडे हात नेला. तिथे काही नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. मग दारात माझ्यासकट उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. "माझी तिपाई... घरी राहिली?" ते म्हणाले. "मग मी बसलो कशावर?"

"तेच विचारतेय मी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घड्याळजी आठवायला लागले. "पुलावर एकदा उभा राहिलो. चढावर एकदा, फाटकाला धरून. बसलो... बसलो नाही वाटतं." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शस्त्रक्रियेचं आता नाव काढायला नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालणं मात्र सोडायचं नाही."

परत येताना काकू म्हणाल्या, बसने जाऊ. घड्याळजी म्हणाले, "तू जा हवं तर." मग दोघंही चालतच निघाले. मी काकूंच्या काखेत होते. पुलाच्या मध्यावर काकूंना दम लागला. चालायची सवय त्यांना कुठे होती? घड्याळजींनी मला त्यांच्या काखेतून घेतलं, उघडलं, हाताने बैठक पुसली आणि म्हणाले, "बस. घाई नाही." काकू बसल्या. माझ्यावर बसून त्या पोटभर रडल्या, आणि मधूनच हसल्याही. शेजारी घड्याळजी दोन पायांवर सरळ उभे होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत होते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात कोणी उद्यापासून, उद्यापासून म्हणत बसलेलं असेल, तर त्याला तब्येतीचं व्याख्यान देऊ नका. ते त्याला पाठ असतं. त्याच्या हातचं एखादं काम शोधा, आणि ते कोणाच्या तरी दारात, थोडं लांब, नेऊन ठेवा. हवं तर काही दिवस त्याच्याबरोबर चाला. मी आता बहुतेक दिवस घरातच उघडून ठेवलेली असते आणि काकू माझ्यावर वर्तमानपत्रं ठेवतात. मला माणसांनी बसावं म्हणून घडवलं, आणि तरी मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्याच शनिवारचा, जेव्हा घड्याळजी माझ्यावर एकदाही बसले नाहीत.